कसरीचं माहेर

ट्रंक उघडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी जितक्या वेळा पाहिलंय तितकं सोलापुरात दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. वरची घडी शाबूत असते. तिच्यावरून हात फिरवत बाई म्हणते, "बघा, कशी जपलीय." मग ती घडी उलगडते आणि पलीकडचा उजेड आरपार येतो. त्या वेळी कुणी रडत नाही की ओरडत नाही, नुसते बघत राहतात. एका सासूबाईंनी तर पैठणीच्या भोकात बोट घालून ते खरंच पलीकडून निघतंय का, हे तीनदा तपासून पाहिलं होतं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'शिवणकामातले अनुभव' मागितले आहेत. पण शिवणकाम आमचे यजमान करायचे. मी रफू करायची. ते कापड जोडायचे आणि मी भोकं बुजवायची. हे काम वडिलांकडून आलं. त्यांना मुलगा नव्हता आणि नजर लवकर गेली, म्हणून आधी मी त्यांची सुई ओवून द्यायची, पुढं सुईच माझ्या हातात आली. शाळा चौथीपर्यंत झालीय, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील त्या सांभाळून घ्या. रफूत काढून दाखवा, मग तुम्हाला मानेन.

सोलापूर हे सुताचं गाव आणि कसर हा किडा सुताला तोंड लावत नाही. आमच्या शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती. त्यातली एक म्हातारी मागावर बसल्या बसल्या मला चिडवायची, "आमचं लुगडं तुझ्या किड्याला नको गं. तुझा किडा मोठ्या लोकांचा." खोटं नव्हतं ते. कसरीला लोकर लागते, रेशीम लागतं, त्यामुळं माझी गिऱ्हाइकं म्हणजे शालीवाले, कोटवाले आणि सोवळेवाले.

नुसती भोकं बुजवून भागत नाही हे वडिलांनी पहिल्यांदा शिकवलं. घरात कसर जिवंत असेल तर तुमची रफू म्हणजे तिला वाढलेलं दुसरं ताट. म्हणून मी आधी किडा शोधायची आणि मग सुई काढायची. लोकांना तो ओळखूच यायचा नाही. एका वकिलांनी कसरीच्या धास्तीनं महिनाभर घरात कंदील लावायचं बंद केलं होतं, कारण दिव्यावर झडप घालणारं प्रत्येक पाखरू त्यांना चोर वाटायचं. मी म्हणाले, "साहेब, दिव्यावर येतं ते तुमच्या कोटाचं न्हाय. कोटाचं पाखरू उजेड बघितला की पळतंय." ते पाखरू दिसायला राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि ते स्वतः काही खातही नाही. खाते ती त्याची अळी. तीही वाटेल तिथं खात नाही, जिथं घाम, तूप किंवा आमटी सांडलेली असेल तिथं आधी जाते. वकिलांच्या कोटाची भोकं पुढच्या बाजूला, बरोबर पोटावर, एका खाली एक होती. कोर्टातून आल्यावर ते कोट न काढताच जेवायला बसतात, हे मी न विचारता सांगितलं तेव्हा ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच खिडकीतून डोकावत होते.

आणि एकदा वेळापूरकडचा एक धनगर मेंढरं घेऊन आला होता, त्याच्या खांद्यावरच्या घोंगड्यावर मी कसर शोधायला लागले. तो हसायलाच लागला. "बाय, माज्या घोंगड्याला कसर न्हाय लागायची. रोज ऊन, रोज वारा, रोज अंगावर. तिला बसाया जागा कुटं ठेवलीय मी?" एवढं खरं बोलणं मी शहरात ऐकलं नव्हतं. जे अंगावर असतं ते टिकतं. जे जपून, घडी घालून, अंधारात ठेवतात त्याचाच भुगा होतो. वेखंड ठेवा, कडुलिंबाचा पाला ठेवा, कापूर ठेवा, त्यानं नवी कसर दूर राहते, पण आत असलेली मरत नाही. तिला मारतं ते ऊन आणि ब्रश. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तरी लोक पाला भरत बसतात.

आता माझ्या खऱ्या विद्येबद्दल सांगते. मी शिंप्याची बाई. पुष्कळ घरांत मला ओट्याच्या आत प्रवेश नव्हता, सोवळ्यावर तर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. मग हात न लावता किडा शोधायचा कसा? त्यासाठी वडिलांनी नळ्या वाचायला शिकवलं. या अळीची एक जात अशी आहे की ती जे खाते त्याच्याच तंतूंची आपल्याभोवती नळी विणते आणि ती अंगावर घेऊनच हिंडते. शेवटी ती भिंतीवर चढते आणि नळी तिथंच चिकटवते. लाल शाल खाल्ली तर नळी लाल, हिरवी खाल्ली तर हिरवी. अळी वाढते तशी नळी दोन्ही टोकांना लांबवत जाते. म्हणजे मधला रंग सगळ्यात जुना असतो. वडील म्हणायचे, "मधला रंग ते तिचं माहेर, टोकाचा रंग ते सासर. माहेर शोध, म्हंजे सगळं सापडंल." मी भिंग घेऊन भिंती बघत जायची आणि कोणती पेटी उघडा ते लांबूनच सांगायची. लोक थक्क व्हायचे. मला ते फार आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते त्या आवडीनं झालं.

तीस सालच्या जरा अलीकडची किंवा पलीकडची गोष्ट. कचेरीत मोठे कारकून असलेल्या एका घरातल्या बाईंनी मला मागच्या दारी बोलावलं. त्यांना मी काकू म्हणायची आणि त्यांच्या यजमानांना अण्णासाहेब. चैत्र चालू होता, वैशाखात धाकट्या मुलीचं, कमलचं लग्न होतं. व्याह्यांना द्यायची म्हणून अण्णासाहेबांच्या आजोबांची लाल काश्मिरी शाल काढली होती. तिच्या काठाला ओळीनं कोयऱ्या आणि प्रत्येक कोयरीला बारीक काळी रेघ. काकूंनी ती उलगडली तर काठाचा हातभर भाग चाळणी झाला होता.

"शाल राहू द्या," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी किडा शोधा. वन्सं म्हणतात, हा उमाचा पायगुण आहे."

उमा ही त्यांची थोरली मुलगी. सोळाव्या वर्षी विधवा झालेली आणि चार वर्षं माहेरी असलेली. तेव्हा केशवपनाची चाल पुष्कळ घरांतून मोडत आली होती, पण या घरात अण्णासाहेबांची थोरली बहीण होती. सगळे तिला आत्याबाई म्हणत आणि तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे. तिनंच न्हाव्याला परसात बोलावलं होतं.

"लग्नाआधी हिला करमाळ्याला सासरी धाडा म्हणतात," काकू सांगत होत्या. "हे अजून हो म्हणालेले नाहीत. नाहीही म्हणालेले नाहीत. बाई, तिथं तिला गोठ्याशेजारची खोली देतात. मागच्या खेपेला परत आली तेव्हा मी तिला दारात ओळखलं नाही. तुम्ही किडा दाखवा त्यांना. किडा सापडला की पायगुण कसला?"

मी म्हणाले, "दावते की. त्यात काय हाय?"

किड्यापायी त्या दिवसापुरतं मला माजघरापर्यंत येऊ दिलं होतं; सोबत हिंडायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून उमाच आली. आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात केरसुणी. पण काय नजर होती पोरीची. मी दहा वर्षांत जे शिकले ते तिनं तासाभरात उचललं. माजघराच्या भिंतीवर, शालीच्या संदुकीच्या वर, पहिली नळी तिनंच दाखवली.

"गंगूबाई, ही बघा. टोकं लाल आहेत, पण मध्ये काळी का हो?"

मी भिंगातून पाहिलं. खरंच, मधोमध काळीभोर आणि दोन्हीकडं शालीचा लाल रंग. मग दुसरी सापडली, तिसरी सापडली. सगळ्या तशाच. म्हणजे ही कसर शालीत जन्मलेली नव्हती. ती काळ्या कशात तरी जन्मून, तिथून चालत शालीत आली होती. आणि घरात काळी लोकर म्हणावी अशी चिंधी नव्हती. मला कोडं सुटायच्या आधीचा आनंद झाला. उमाही त्या दिवशी दोनदा हसली.

नळ्यांची रांग भिंतीवरून देवघराच्या कोनाड्याकडं गेली होती. मी उंबऱ्याबाहेर थांबले आणि सगळ्यांना बोलवा म्हणाले. इथंच माझी चूक झाली. काकूंना एकटीला बाजूला घेऊन सांगायचं, तर मी अख्खं घर गोळा केलं. अण्णासाहेब पगडी उतरवून आले, आत्याबाई माळ हातात घेऊन आल्या, कमल दाराआड उभी राहिली. मी ऐटीत माहेर-सासर समजावून सांगितलं, मग नळीच्या मधला एक तंतू सुईच्या टोकावर घेतला आणि उजेडात धरला.

"ही लोकर न्हाय," मी म्हणाले. "लोकरीला सुरकुती असती. ह्यो सरळ हाय, जाड हाय, न् लकाकतोय. हे केस हायेत. बाईमाणसाचे. न् ते त्या कोनाड्यात हायेत."

मी वर पाहिलं, कौतुक करायला कोण पुढं येतंय म्हणून. कुणी आलं नाही.

"कोनाड्यात माझ्या भावजयीची सोवळ्याची पेटी आहे," आत्याबाई म्हणाल्या. "तिथं केस कुठून येणार?"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्या क्षणी कळलं आणि बोललेलं परत गिळता आलं असतं तर गिळलं असतं. काकूंनी कुणाकडं पाहिलं नाही. त्या कोनाड्याशी गेल्या, पेटी खाली घेतली, नैवेद्याच्या स्वयंपाकाला नेसायची धाबळी बाजूला केली आणि तळातून खणात गुंडाळलेलं काहीतरी काढून जमिनीवर ठेवलं. खण सुटला.

आत वेणी होती. मनगटाएवढी जाड, काळी, विळखा घालून ठेवलेली. आणि ती हलत होती. मी आयुष्यभर किडे पाहिलेत, पण तेव्हा दोन पावलं मागं सरले. वेणीच्या पेडापेडांतून काळ्या नळ्या सरकत होत्या आणि त्यामुळं ती जिवंत असल्यासारखी वाटत होती.

उमानं वेणीकडं पाहिलं. मग नकळत तिचा हात डोक्याकडं गेला आणि पदरावरच थांबला.

"सीनेत सोडले म्हणाली होतीस," आत्याबाई म्हणाल्या.

"नदीपर्यंत गेले होते," काकू म्हणाल्या.

आत्याबाईंच्या हातातली माळ गळून पडली. "चार वर्षं. चार वर्षं त्या पेटीतली धाबळी नेसून हिनं देवाला नैवेद्य केला. आपण सगळे ते जेवलो."

अण्णासाहेब मटकन खाली बसले. मला वाटलं हा माणूस आता बायकोला काहीतरी बोलेल किंवा पोरीला जवळ घेईल. वेणी बघितल्यावर कुठल्याही बापाला दुसरं काही सुचेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी पडलेली माळ उचलून आत्याबाईंच्या हातात दिली. मग म्हणाले, "परवाच्या मोटारीनं उमाला करमाळ्याला पोचवा."

"पेटी माझी आहे," काकू म्हणाल्या. "दोष माझा आहे. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

"म्हणूनच," अण्णासाहेब म्हणाले. "ती इथं असली की तुला असलं काहीतरी सुचत राहणार."

पोरीला वाचवायला म्हणून मला बोलावलं होतं आणि मी तिला मोटारीत बसवलं. मी म्हणाले, "अण्णासाब, किड्याचा दोष पोरीवर कशापायी?" तर आत्याबाई म्हणाल्या, "शिंपिणीनं शिंपिणीचं काम करावं. या घाणीचं काय करायचं तेवढं सांगा." आणि सवयीनं, खरंच नुसत्या सवयीनं, माझ्या तोंडून निघालं, "जाळावं लागंल."

वेणीला हात कोण लावणार? काकूंना आत्याबाईंनी जागचं हलू दिलं नाही. शेवटी उमानंच ती उचलली आणि आम्ही दोघी परसात आलो. डोक्यावर चैत्राचं ऊन होतं. उमानं वेणी दगडावर ठेवून सोडली, पेड मोकळे केले, झटकले. आतले केस कुरतडून आखूड झाले होते, पण एका बाजूची बट शाबूत होती, हातभर लांब. ती तिनं वेगळी काढली, उन्हात धरली, पुन्हा पुन्हा झटकली. कसर कशी झटकायची ते तिला मी सकाळीच शालीच्या निमित्तानं शिकवलं होतं.

"गंगूबाई," ती म्हणाली, "मघाशी तुम्ही म्हणालात, लाल धागा शालीच्या दुमडीतून काढता येईल, पण कोयरीच्या काळ्या रेघेला धागा नाही. बाजारातला जाड पडतो आणि त्याचा रंग जातो."

"व्हय."

"हे चालतील?"

मला क्षणभर कळलंच नाही. कळल्यावर मी मागं वळून घराच्या दाराकडं पाहिलं. "अगं पोरी, ती शाल लग्नात व्याह्यांच्या अंगावर जायची. न् तू हे..."

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बापाचाच शब्द होता तो, पण तिच्या तोंडी तो वेगळाच ऐकू आला. मी बट घेतली आणि माझ्या सुयांच्या डबीत ठेवली. उरलेले केस तिनं स्वतः पेटवले. वास घरात जायला लागला तशी आतून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

दोन दिवसांनी उमा गेली. मी शाल घरी आणली होती. आठवडाभर ती माझ्यासमोर पडून होती आणि मला सुई उचलवत नव्हती. हे कुणाला कळलं तर या शहरात एकही ओटा मला उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. यजमानांनाही मी सांगितलं नाही. मग एका सकाळी मनात आलं, की ज्या लग्नातून तिला मी घालवलं त्या लग्नात तिला नेणं माझ्याच हातात आहे. तीन-तीन केस एकत्र करून त्यांना पीळ दिला आणि पाचव्या कोयरीपासून सुरुवात केली. तिथली रेघ पार गेली होती, ती सबंध केसांची झाली. पुढच्या तीन कोयऱ्यांना थोडे थोडे टाके पडले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली रफू आहे आणि तिच्याबद्दल मी आजवर कुणाजवळ बढाई मारलेली नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला. माहेर सापडलं की आधी घरच्या बाईला एकटीला सांगायचं, मग तिला जे सांगायचं असेल ते तिनं घराला सांगावं. त्या नियमानं पुढं किती जणींची झाकली मूठ राहिली ते इथं लिहिणार नाही. पण तो नियम ज्या घरात हवा होता तिथं मी तो पाळला नव्हता. करमाळ्याकडचं कुणी भेटलं की मी उमाची चौकशी करायची. "आहे," एवढंच कळायचं. ती मला पुन्हा दिसली नाही. या गोष्टीतलं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

लग्नाच्या सकाळी मी शाल द्यायला गेले. दारात मांडव, सनई चाललेली. मी ओट्याच्या पायरीशी उभी राहिले. आत्याबाईंनी शाल उजेडात धरली, काठ डोळ्यांजवळ नेला, उलटून पाहिला. "भोक कुठं होतं तेसुद्धा कळत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. शाल त्यांनी काकूंच्या हातातल्या तबकात ठेवली आणि त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून काकू माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी शालीचा काठ हातात घेतला आणि बोट फिरवायला सुरुवात केली. पहिली कोयरी, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीवर बोट थांबलं. मी त्यांना जागा सांगितली नव्हती. केस घेतल्याचंही सांगितलं नव्हतं. पण सोळा वर्षं ज्या हातानं त्या केसांना तेल लावलं होतं त्या हाताला कुणी सांगायची गरज नव्हती. बोट त्या काळ्या रेघेवरून एकदा वर गेलं, एकदा खाली आलं. मी आपल्या पायांकडं बघत उभी होते.

मग काकूंनी शालीची घडी मोडली. नव्यानं घातली, अशी की पाचवी कोयरी बरोबर वर यावी. आणि तबक घेऊन त्या मांडवात गेल्या.